मुंबई तगली ती चोवीस लहान शहरे होऊन

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

करोनाच्या साथीचा विषय निघाला, की आमच्या पिढीच्या गप्पांत एक वाक्य हमखास येते : ‘लहान गावांनी निभावून नेले, हाल झाले ते मुंबईचे.’ हे म्हणणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यात राहणारा माझा धाकटा भाऊही आहे. पाच वर्षे त्याचे हे म्हणणे ऐकून घेतल्यावर आता मला ते अर्धेच खरे वाटू लागले आहे. मुंबईचे हाल झाले यात वाद नाही. पण जेव्हा ती सावरली, तेव्हा एक महानगर म्हणून सावरली नाही. महापालिकेच्या चोवीस विभागांतून, जणू शेजारी शेजारी वसलेली चोवीस लहान शहरे म्हणून, तिचा कारभार सुरू झाला, तेव्हा ती सावरली. ही गोष्ट पुढच्या साथीच्या आत कोठेतरी नोंदली जावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीला चार वर्षे उरली असताना, २०२० च्या जून महिन्यात, माझी नेमणूक एका विभाग कार्यालयातील वॉर रूममध्ये, म्हणजे करोना रुग्णांसाठीच्या दूरध्वनी कक्षात, झाली. शाळा बंद होत्या, मुलांचे वर्ग मोबाइलवर भरत होते, आणि शिक्षकांपैकी कोणी शिधावाटपावर, कोणी घरोघरच्या पाहणीवर, तर कोणी माझ्यासारखे दूरध्वनीपाशी बसले होते. माझ्या एका बाजूला लायसन्स खात्यातील लिपिक बसत, दुसऱ्या बाजूला नुकतीच पदवी घेतलेली एक दंतवैद्य मुलगी. ‘ताई, दात सोडून सगळे बघतेय मी,’ असे ती म्हणत असे. त्या खोलीत मी जे पाहिले त्याच्या आधारेच पुढचे लिहिते आहे, आणि आकडे जेवढे जाहीर झालेले आहेत तेवढेच देते आहे.

आधी मार्च-एप्रिलची आठवण. मुंबईतील पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल थांबली. लोकल थांबल्यावर या शहराचे नक्की काय होते, याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नव्हता, कारण संप, पूर आणि बॉम्बस्फोट यांतही ती एक-दोन दिवसांत पुन्हा धावलेली आम्ही पाहिली होती. त्या पहिल्या आठवड्यांत सारे काही मध्यवर्ती होते. मदतीसाठी १९१६ हा एकच क्रमांक होता, संशयितांसाठी प्रथम कस्तुरबा हे एकच रुग्णालय होते, आणि बाधितांच्या याद्याही वरूनच खाली येत. सव्वा कोट वस्तीच्या शहरात ‘अमुक व्यक्ती बाधित आहे’ हे कळल्यापासून त्या व्यक्तीच्या दारात पोचेपर्यंत जो वेळ जाई, त्याचे मुख्य कारण माझ्या मते डॉक्टरांची किंवा गाड्यांची कमतरता नव्हते. त्या दोन्ही कमी होत्याच, पण खरी अडचण पत्त्याची होती.

हे जरा सविस्तर सांगायला हवे. तपासणीच्या अर्जावर लोक आधार कार्डावरचा पत्ता लिहीत, आणि तो पत्ता बऱ्याचदा गावचा असे. यादीत ‘आझमगड’ किंवा ‘जत’ आले की माणूस मुंबईत आहे की गेला, इथूनच शोध सुरू होई. ज्यांनी मुंबईचा पत्ता लिहिलेला असे त्यांचा पत्ताही ‘शिवमंदिराजवळ, रूम नंबर ४’ एवढाच. आमच्या विभागात शिवमंदिरे किती, हे कार्यालयातील नकाशाला माहीत नव्हते. ते माहीत होते कीटकनाशक खात्यातील फवारणीवाल्याला आणि त्या वस्तीत डोस पाजायला जाणाऱ्या आरोग्यसेविकेला. मोबाइल क्रमांक एखाद्या आकड्याने चुकलेला असे, किंवा चाळीतील एकाच मुलाचा क्रमांक सात जणांनी दिलेला असे. आणि रुग्ण सापडलाच, तर तो फोनवर ‘मी नाही तो’ म्हणून मोकळा होई, कारण रुग्णवाहिका दारात आली की पुढचा महिनाभर आपल्या घराकडे गल्ली कशी बघणार, हे त्याला पक्के ठाऊक असे.

मे महिन्यात आयुक्त बदलले. ८ मे रोजी इक्बालसिंह चहल यांनी सूत्रे घेतली. त्यानंतर जी व्यवस्था बसत गेली तिचे वर्णन वर्तमानपत्रांतून आलेच आहे, तरी थोडक्यात सांगते. प्रयोगशाळांचे दिवसभराचे अहवाल रात्री एके ठिकाणी जमा होत, रातोरात त्यांची विभागवार छाननी होई आणि पहाटे ज्याची त्याची यादी चोवीस विभाग कार्यालयांकडे जाई. तेथून पुढे फोन करणे, घरी पथक पाठवणे, लक्षणांप्रमाणे घर, विलगीकरण केंद्र की रुग्णालय हे ठरवणे आणि खाट मिळवून देणे ही सारी कामे विभागाची. खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा शासनाने मे महिन्यातच नियंत्रणाखाली घेतल्या होत्या, त्यामुळे विभागाच्या हातात वाटायला काही तरी होते. अहवाल रुग्णाच्या हातात थेट न देण्याच्या निर्णयावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती रास्तही होती, कारण स्वतःच्या आजाराची बातमी दुसऱ्याच्या सोयीने कळावी हे कोणाला आवडेल? पण यादी लहान झाली आणि ती वाचणारी माणसे त्याच भागातील होती, या दोन गोष्टींनी आमच्या खोलीतील काम पालटले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

‘लहान शहर’ हा शब्द मी उगाच वापरत नाही. २०११ च्या जनगणनेत जी-उत्तर विभागाची, म्हणजे दादर, माहीम आणि धारावी मिळून, लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. त्याच जनगणनेत कोल्हापूर शहराची साडेपाच लाख आणि मालेगावची पावणेपाच लाखांच्या जवळ होती. मालाडचा पी-उत्तर आणि कुर्ल्याचा एल हे विभाग तर नऊ नऊ लाखांचे. मशीद बंदर-डोंगरीचा बी विभाग सर्वांत लहानांपैकी एक, पण तोही साताऱ्याहून मोठा. कोल्हापूरला महापौर आहे, आयुक्त आहे, स्वतःचा अर्थसंकल्प आहे. आमच्या सहा-नऊ लाखांच्या शहराला एक सहायक आयुक्त आणि त्याच्या हाताखाली एक वैद्यकीय अधिकारी. साथीच्या काळात या सहायक आयुक्तांना शाळा, सभागृहे, लग्नाचे हॉल ताब्यात घेण्याचे, माणसे नेमण्याचे आणि जागच्या जागी खर्च करण्याचे जे अधिकार मिळाले, ते एरवी त्यांच्याकडे नसतात. गटाराचे झाकण बदलायलाही कागद वर जातो, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

धारावीचे उदाहरण जगभर गाजले, म्हणून त्याविषयी लिहिताना संकोच वाटतो. पण ते टाळूनही चालणार नाही. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये महापालिकेच्या अंदाजाने साडेआठ लाख माणसे, आणि त्यांतील बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाशिवाय पर्याय नाही. तेथे १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला तेव्हा आम्ही माहीमकर मनातून हादरलो होतो. रुळांपलीकडे आता काय होणार, याचे अंदाज बांधत आम्ही दारे लावून बसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे असताना ‘घरी सुरक्षित राहा’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. तेथील यंत्रणेने, सहायक आयुक्त किरण दिघावकर यांच्या काळात, हे लवकर ओळखले आणि घरातल्या विलगीकरणाचा हट्ट सोडून माणसांना शाळा, क्रीडासंकुल आणि सभागृहांत हलवले. शौचालये दिवसातून अनेकदा धुतली. महाराष्ट्र निसर्ग उद्यानाजवळ २०० खाटांचे तात्पुरते रुग्णालय पंधरवड्याच्या आत उभे राहिले. या सर्वांहून मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट : भीतीने दवाखाने बंद करून बसलेल्या स्थानिक खासगी डॉक्टरांना संरक्षक पोशाख देऊन पुन्हा वस्तीत आणले गेले. पन्नास रुपयांत तपासणारा, नावाने हाक मारणारा, घरातल्या म्हातारीची साखर किती आहे हे पाठ असणारा डॉक्टर गल्लीत दिसला, तेव्हा लोक आपण होऊन ताप सांगायला पुढे आले. रुग्णवाढीचा दर एप्रिलमध्ये १२ टक्के होता, तो मेमध्ये ४.३ आणि जूनमध्ये १.०२ टक्क्यांवर आला. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे पहिल्यांदा एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही.

मात्र या कौतुकाला दोन टाचण्या लावल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे, मे महिन्यात धारावीतून हजारो कामगार मिळेल त्या वाटेने गावी निघून गेले होते. रिकाम्या झालेल्या पोटमाळ्यांचाही त्या उतरत्या आकड्यात वाटा होता. दुसरी अधिक गंभीर आहे. जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतील तीन विभागांत जवळपास सात हजार लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. तीत झोपडपट्टीतील ५७ टक्के आणि इतर वस्तीतील १६ टक्के लोकांच्या शरीरात विषाणू येऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. धारावी त्या तीन विभागांत नव्हती, पण वस्ती तशीच. याचा अर्थ असा, की आम्ही ज्यांना याद्यांवरून शोधत होतो त्यांच्या कित्येक पटींनी माणसे कोणत्याही यादीत न येता आजारी पडून बरी झाली होती. आम्ही विषाणूला अडवले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आम्ही माणसांना वेळेवर खाटेपर्यंत पोचवण्याचे प्रमाण वाढवले, एवढे म्हणेन. मृत्यूंच्या हिशेबातही असेच : जून २०२० मध्ये मुंबईच्या आकड्यात आधी न नोंदलेले ८६२ मृत्यू एका दिवसात मिळवले गेले. त्या दिवशी आमच्या खोलीतील फळ्यावरचा आकडा पुसताना कोणी काही बोलले नाही.

आता माझ्या भावाच्या म्हणण्याकडे येते. लहान गावांनी निभावून नेले, याला इस्लामपूरसारखा दाखला आहेच. सांगली जिल्ह्यातील हे सुमारे ६७ हजार वस्तीचे शहर. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघे बाधित निघाले आणि काही दिवसांत त्याच गोतावळ्यातील रुग्णांची संख्या पंचवीसच्या घरात गेली. साऱ्या महाराष्ट्राचे डोळे तिकडे लागले होते. पण कोण कोणाकडे जेवायला गेले, कोणाकडे कामाला कोण येते, हे तेथे तासाभरात कळू शकत होते. संपर्कातील माणसे शोधून वेगळी ठेवली गेली आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्ण बरे झाले होते. मुंबईत एका माणसाच्या संपर्काची यादी करायला बसलो, तर ‘सकाळची ८.१२ ची विरार फास्ट’ हे उत्तर आम्हाला मिळाले असते.

तरी भाऊ एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. सुरुवातीच्या महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे नमुने तपासायला मिरजेला जात होते. घाट ओलांडून नमुना जाणार, अहवाल येणार, तोवर माणूस एक तर बरा होई किंवा गावाने त्याला रोगी ठरवून टाकलेले असे. मालेगावात एप्रिल-मे २०२० मध्ये खासगी दवाखाने बंद झाले, तेव्हा करोनाखेरीजच्या दुखण्यांनीही माणसे गेली. यंत्रमागाच्या त्या शहरात ओळखीची कमतरता नव्हती, उपचारांची होती. लहान शहराला कोण आजारी आहे ते माहीत असते, पण त्याला कोठे न्यायचे ते माहीत नसते. मुंबईचे नेमके उलट होते. केईएम, सायन, नायर, कूपर एवढी रुग्णालये दाराशी असून त्यांच्यापर्यंत कोणाला आधी न्यायचे, हे सांगणारे कोणी नव्हते, आणि ती उणीव विभागांच्या वॉर रूमने काही अंशी भरून काढली.

नंदुरबारने दोन्ही गोष्टी जमवल्या, म्हणून त्याचे नाव आदराने घेते. आदिवासीबहुल, दुर्गम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जिल्ह्यात, स्वतः डॉक्टर असलेले तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये, जिल्हा रुग्णालयात हवेतून प्राणवायू तयार करणारा प्रकल्प उभारला आणि नंतर त्यांची संख्या वाढवली. त्या वेळी ‘आता कशाला?’ असे म्हणणारे तेथेही असतीलच. २०२१ च्या एप्रिलमध्ये देश सिलिंडरसाठी रांगेत उभा असताना तेथे शेजारच्या जिल्ह्यांतून रुग्ण येत होते.

मुंबईचा तो एप्रिल मी विसरू शकत नाही. ४ एप्रिल २०२१ रोजी शहरात एका दिवसात ११,१६३ रुग्ण नोंदले गेले. पहिल्या लाटेत आमच्याकडे फोन येत ते वस्त्यांतून. या वेळी ते इमारतींतून येऊ लागले, आणि इमारतींतील माणसांना नकार ऐकण्याची सवय नव्हती. एका गृहस्थांनी एका रात्रीत अकरा वेळा फोन केला. पत्नीचा प्राणवायू ८६ वर आला होता, खासगी रुग्णालयात जागा नव्हती, आणि सरकारी केंद्रात जायला त्या तयार नव्हत्या. अकराव्या फोनला ते एवढेच म्हणाले, ‘कुठेही चालेल, बाई.’ पहाटे पत्नीला गोरेगावच्या जम्बो केंद्रात, म्हणजे तात्पुरत्या मोठ्या करोना केंद्रात, खाट मिळाली. त्या वाचल्या की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. आमच्या कामात शेवट कळत नसे. त्याच महिन्यात, १७ एप्रिलच्या रात्री, प्राणवायूचा साठा संपत आल्यामुळे महापालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण हलवावे लागले, आणि ते सर्व सुखरूप पोचले. मेच्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला ‘मुंबईकडून शिका’ असे सुचवले, तेव्हा आमच्या खोलीत पेढे वाटायची कल्पना कोणाच्या तरी मनात आली होती. आमच्यातील एक शिक्षक त्याच आठवड्यात गेले होते. पेढे आले नाहीत.

लहान शहराची स्तुती करताना त्याची दुसरी बाजू दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तेथे वाळीत टाकणेही सोपे असते. २०२० च्या गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्यांवर दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट आली. अट योग्य होती, पण वेशीवर बांबू आडवे टाकून आपल्याच पुतण्याला ‘आलास कशाला?’ विचारणारे काका अनेकांना भेटले, मलाही भेटले. मुंबईनेही लहान होताना हा दुर्गुण उचलला. डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का असलेल्या माणसाला रेल्वेतून उतरवले गेले; इमारतींनी घरकामाच्या बायकांना महिनोन्‌महिने दारात उभे केले नाही आणि पगारही दिला नाही; रुग्णालयातून रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकांना लिफ्ट वापरू नका असे सांगणाऱ्या सोसायट्या याच शहरात होत्या. त्याच सोसायट्या संध्याकाळी पाच वाजता गॅलरीत उभ्या राहून थाळ्या वाजवत होत्या, हे मी ऐकीव सांगत नाही.

येथे थोडे विषयांतर करते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी ओळखला, त्यानंतर इंग्रज सरकारने घाईघाईने १८९७ चा साथरोग कायदा केला. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने तोच कायदा पुन्हा लावला. प्लेगने या शहराला कायद्याखेरीज आणखी एक गोष्ट दिली : १८९८ मध्ये स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, आणि त्याने आखलेल्या दादर-माटुंगा भागातील रुंद, झाडांच्या रस्त्यांच्या वसाहती. त्या संस्थेने गरिबांची घरे पाडली तेवढी बांधली नाहीत, हा आक्षेप खराच आहे. तरी निदान एका साथीतून शहराच्या रचनेत टिकणारे काही तरी उरले. करोनातून काय उरले, असा प्रश्न मला पडतो. जम्बो केंद्रे उखडली गेली. त्यांच्या खरेदी-कंत्राटांच्या चौकश्या मात्र उरल्या. नोव्हेंबर २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू झाले, संध्याकाळी कामावरून परतलेल्या माणसाला रात्री दहापर्यंत तेथे डॉक्टर भेटतो, ही चांगली भर आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण विभागाच्या हातात आलेले अधिकार, त्या अधिकारांमागची पहाटेची यादी आणि ती वाचणारी माणसे, यांतले काहीही कायम झाले नाही. उलट मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहराला नगरसेवकच नव्हते. ज्या माणसाला मध्यरात्री फोन करून ‘ती शिवमंदिराची रूम नंबर ४ कोणती हो?’ असे विचारता येत होते, तो माणूस कागदोपत्री नाहीसा झाला.

यावर माझ्या अपेक्षा फार नाहीत. प्रत्येक विभाग कार्यालयात एक आरोग्य कक्ष बारा महिने चालू असावा. पावसाळ्यात लेप्टो आणि डेंग्यू, उन्हाळ्यात उष्माघात, एरवी क्षयरोग, असे काम त्याला कधीच कमी पडणार नाही, आणि पुढची साथ आली तर फोन उचलणारी माणसे त्या कामात मुरलेली असतील. विभागवार मृत्यूंची संख्या कारणांसह दरमहा जाहीर व्हावी, कारण आपल्या भागात माणसे कशाने मरतात हे सातारकरांना विचारून कळते, पण माहीमकरांना कळत नाही. आणि आरोग्यसेविकांच्या मानधनाचा प्रश्न सुटावा. आमच्या खोलीतील जवळपास प्रत्येक चुकलेला पत्ता अखेर त्यांच्यापैकीच एखादीने शोधून दिला, आणि त्यांना मिळणारे तुटपुंजे मानधन ऐकून दंतवैद्य मुलीने कपाळाला हात लावला होता. कोल्हापूरएवढ्या वस्तीला कोल्हापूरएवढी आरोग्ययंत्रणा मागणे हा अतिरेक म्हणता येणार नाही. मी तर तिच्या चौथाईवरही समाधान मानायला तयार आहे.

एक शेवटची विनंती, आणि ती फारच लहान आहे. आमच्या वॉर रूममध्ये संगणकाशेजारी लाल पुठ्ठ्याच्या जाड वह्या होत्या. संगणकात पत्ता भरायला ठरावीक चौकट होती, त्यात न मावणारे सारे आम्ही त्या वह्यांत लिहीत असू : ‘पंपामागची तिसरी गल्ली, दूधवाल्याला विचारा’, ‘हा क्रमांक पुतण्याचा, दुपारी चारनंतर लागतो’, ‘आजी बहिऱ्या, शेजारच्या काकूंमार्फत बोलणे’, ‘येथे दोन शिवमंदिरे, जुने ते नव्हे’. दोन वर्षांत अशा अनेक वह्या भरल्या होत्या. निवृत्तीच्या कागदांसाठी २०२४ मध्ये मी त्या कार्यालयात गेले, तेव्हा त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि निवडणुकीचे पत्र्याचे डबे रचलेले होते. वह्यांविषयी विचारले, तर तेथील तरुण लिपिकाला त्या कधी होत्या हेच माहीत नव्हते. इतर तेवीस ठिकाणीही अशा वह्या भरल्या गेल्या असणार. त्या रद्दीत गेल्या नसतील तर एकत्र करून कोठे तरी ठेवाव्यात, आणि गेल्या असतील तर ज्यांनी त्या लिहिल्या त्या शिक्षक-लिपिकांना, आम्ही हयात आहोत तोवर, पुन्हा एकदा बसवून आठवतील तेवढे पत्ते लिहून घ्यावेत. माझ्या विभागातले मला अजून बरेच आठवतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त महापालिका शिक्षिका,
माहीम, मुंबई